पायलीचे वजन किती?

प्रश्न : आमच्या आजोबांच्या हिशोबाच्या वहीत १९४६ सालची एक नोंद सापडली. तीत कुळाकडून आलेल्या खंडाविषयी (जमीन कसण्याच्या मोबदल्यात दिलेल्या धान्याविषयी) ‘भात दोन खंडी, सपाट माप’ एवढेच लिहिले आहे. घरात एक जुनी पितळी पायलीही आहे. पायली म्हणजे किती किलो, असे विचारले तर एक काका चार किलो म्हणतात, आत्या सात किलो म्हणते आणि मोबाइलवर शोधले तर तिसराच आकडा मिळतो. यांपैकी बरोबर उत्तर कोणते, आणि त्या दोन खंडींचे आजच्या वजनात किती भात होईल?

उत्तर : आपले काका आणि आत्या दोघेही आपापल्या अनुभवाने खरे बोलत असण्याची शक्यता आहे. घोटाळा त्यांच्या आकड्यांत नसून प्रश्नात आहे. पायली हे वजन नव्हे, ते माप आहे. म्हणजे अमुक आकाराच्या भांड्यात मावेल तेवढे धान्य. त्या भांड्यात तांदूळ भरले तर एक वजन भरेल, टरफलासकट भात भरला तर दुसरे आणि पोहे भरले तर तिसरेच. म्हणून ‘पायली किती किलो’ असे विचारणाऱ्याला आधी ‘कशाची पायली’ असे उलट विचारावे लागते आणि त्यानंतर ‘कुठली पायली’ हेही विचारावे लागते.

आपल्याकडे धान्य मोजण्याच्या दोन वेगळ्या परंपरा शेजारी शेजारी नांदत होत्या. तराजूने जोखायच्या वस्तूंसाठी छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर, पासरी, मण अशी वजने होती, तर भांड्याने मापायच्या धान्यासाठी निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली, मण, खंडी अशी मापे होती. या दोन्ही याद्यांत शेर आणि मण हे शब्द आले आहेत, आणि आजचा सगळा गोंधळ बहुतांशी याच दोन शब्दांनी केलेला आहे. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. असे ४० शेर म्हणजे एक मण, सुमारे ३७.३२ किलो. मापाचा शेर मात्र वेगळा. त्याच्याशी ८० तोळ्यांचा किंवा ९३३ ग्रॅमचा काही आपोआप संबंध लागत नाही. ‘पायली म्हणजे चार शेर, शेर म्हणजे जवळजवळ एक किलो, म्हणून पायली चार किलो’ हा हिशोब अनेक घरांत केला जातो, पण त्यात मापाचा शेर हळूच वजनाच्या शेराच्या जागी बसवलेला असतो.

मापांचे कोष्टक पुणे-सातारा भागात साधारणपणे असे होते : दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या दुप्पट असल्यामुळे निरक्षर माणसालाही हे कोष्टक भांडी पाहूनच कळत असे, कारण दोन मापटी ओतली की शेर भरला पाहिजे, हे डोळ्यांसमोर पडताळता येत असे. पायलीच्या वर मात्र ही दुपटीची शिस्त मोडते. कोठे बारा पायल्यांचा मण धरीत, कोठे सोळा पायल्यांचा. वीस मणांची खंडी ही गोष्ट बरीच सार्वत्रिक होती. मुंबईच्या धान्यबाजाराचे कोष्टक आणखी निराळे होते : दोन टिपऱ्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा फरा आणि आठ फऱ्यांची खंडी. म्हणजे बारा पायल्यांच्या मणाने खंडी २४० पायल्यांची, सोळा पायल्यांच्या मणाने ३२० पायल्यांची, आणि मुंबईच्या फऱ्याने अवघ्या १२८ पायल्यांची. आपल्या वहीतील ‘दोन खंडी’ या दोन शब्दांचा अर्थ कोष्टक बदलताच दुपटीहून अधिक बदलतो, हे यावरून लक्षात येईल.

हे वैविध्य लहरीपणातून आले, असे समजू नये. ज्याला आज आपण महाराष्ट्र म्हणतो त्याचे भाग तेव्हा मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान अशा निरनिराळ्या राज्यव्यवस्थांत विभागलेले होते, शिवाय मध्ये मध्ये लहान संस्थाने होतीच. प्रत्येक पेठेला आपले माप टिकवण्यात रस होता. मुंबई इलाख्यात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. पण कायदा झाला म्हणून गावोगावच्या खळ्यांवरील भांडी एका रात्रीत बदलतात असे नाही.

आता ‘सपाट माप’ या शब्दांकडे येऊ, कारण माझ्या मते आपल्या आजोबांच्या नोंदीतील सर्वांत मोलाचे शब्द तेच आहेत. धान्य मापण्याच्या दोन रीती होत्या. भांडे भरून काठावरून लाकडी पट्टी किंवा हात फिरवून वरचे धान्य पाडून टाकले तर ते सपाट माप. आणि काठाच्या वर धान्याचा जेवढा ढीग आपोआप टिकेल तेवढा टिकू दिला तर ते शिगेचे माप. काठाच्या वरच्या या ढिगाला शीग म्हणतात. घेणाऱ्याला शीग हवी असे आणि देणाऱ्याला सपाट माप परवडत असे, त्यामुळे खंडाच्या किंवा उधारीच्या बोलीत ही गोष्ट आधीच ठरवून घेत. ज्या नोंदीत ती लिहिलेली नाही, तिचे आज किलोत रूपांतर करणे म्हणजे अंदाजच.

शीग म्हणजे किती धान्य, हे भांड्याच्या तोंडावर अवलंबून असते. एक साधे गणित करून पाहा. एका पायलीचा व्यास २० सेंटिमीटर व उंची १३ सेंटिमीटर आहे आणि दुसरीचा व्यास २४ सेंटिमीटर व उंची ९ सेंटिमीटर आहे, असे समजा. दोहोंत सपाट भरले तर जवळजवळ सारखेच, सुमारे ४.१ लिटर धान्य मावेल. पण गव्हासारखे धान्य साधारण २७ अंशांच्या उताराने रचले जाते असे धरले, तर पहिल्या भांड्यावर सुमारे अर्धा लिटर शीग टिकेल आणि दुसऱ्यावर नऊशे मिलिलिटरांहून अधिक. म्हणजे पहिलीची शीग मापाच्या तेरा टक्के, तर दुसरीची तेवीस टक्क्यांच्या आसपास. सपाट मापाने दोन्ही भांडी प्रामाणिक ठरतात आणि शिगेच्या मापाने त्यांतील एक भांडे दर दहा पायल्यांमागे जवळजवळ एक पायली जास्त घेऊन जाते. पसरट तोंडाच्या पायलीकडे जुनी माणसे संशयाने पाहत, ते उगाच नव्हे.

ही चिंता फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धान्याची मापे वाळलेल्या, कठीण लाकडाची करावीत आणि त्यांत मापाच्या चौथ्या हिश्शाइतकी शीग धरावी, असे सांगितले आहे. तेथे तिला शिखा म्हटले आहे. ज्याला हे नको असेल त्याने शीग आतच धरून भांडे मोठे करावे, हा पर्यायही तेथेच आहे. त्याच प्रकरणात द्रोण या मापाचे चार प्रकार येतात : राजाच्या उत्पन्नासाठीचा द्रोण २०० पलांचा (पल हे जुने वजन), व्यवहारातला १८७.५ पलांचा, नोकरांना शिधा देण्यासाठीचा १७५ पलांचा आणि अंतःपुराच्या खर्चासाठीचा १६२.५ पलांचा. नाव एकच, पण आत येणारे धान्य मोठ्या मापाने आणि बाहेर जाणारे धान्य लहान मापाने. गावच्या सावकाराकडे घ्यायची पायली वेगळी आणि द्यायची वेगळी, अशी जी तक्रार आपण जुन्या माणसांकडून ऐकतो, तिला असा राजमान्य पूर्वज आहे.

एवढे सगळे सांगितल्यावर आपल्याला काही उत्तर मिळालेच पाहिजे, म्हणून करण्याजोगी गोष्ट सांगतो. घरातील पितळी पायली सपाट जागेवर ठेवून ती पाण्याने काठोकाठ भरा आणि ते पाणी लिटरच्या मापाने मोजा. सांधा गळत असेल तर आत प्लास्टिकची पातळ पिशवी अंथरा, किंवा पाण्याऐवजी मोहरी भरून ती लिटरच्या मापाने मोजा. भांड्यावर सरकारी छाप किंवा कोरलेला आकडा असल्यास तोही टिपून ठेवा. मिळालेल्या लिटरांना त्या त्या धान्याच्या एका लिटरच्या वजनाने गुणले की किलो मिळतात. एक लिटर गहू साधारण पाऊण किलो ते आठशे ग्रॅम भरतो, तांदूळ आठशे ग्रॅमच्या आसपास, ज्वारी सातशेच्या थोडी वर, आणि टरफलासकट भात मात्र साडेपाचशे ते सहाशे ग्रॅमच. धान्य किती वाळलेले आहे आणि भांडे भरताना ते हलवून, ठोकून बसवले की अलगद ओतले, यानेही फरक पडतो. म्हणून दोन-तीनदा एकाच रीतीने भरून सरासरी काढणे बरे.

उदाहरणादाखल, आपल्या पायलीत चार लिटर पाणी मावले असे समजू. तिच्यात सपाट मापाने भात सुमारे २.३ किलो, गहू सुमारे ३ किलो आणि तांदूळ सुमारे ३.२ किलो मावेल. आपल्या गावी बारा पायल्यांचा मण चालत असेल तर दोन खंडी म्हणजे ४८० पायल्या, म्हणजेच अंदाजे ११ क्विंटल भात. सोळा पायल्यांचा मण असेल तर तेच जवळजवळ पावणेपंधरा क्विंटल होईल, आणि मुंबईच्या फऱ्याचा हिशोब असेल तर सहा क्विंटलही भरणार नाही. यांपैकी कोणते, हे ठरवायला वहीच उपयोगी पडेल. त्याच वहीत एखाद्या ठिकाणी पायल्यांची बेरीज करून मण लिहिलेले असतील, तर बारा पायल्यांनंतर मण चढवला आहे की सोळानंतर, हे बेरजेवरूनच उघड होईल. जुन्या हिशोबांत अशी हातची बेरीज हा कोणत्याही छापील कोष्टकापेक्षा भरवशाचा पुरावा असतो. घरातील पायली आणि वहीतील पायली एकच, हेही मात्र गृहीत धरू नये. खंड घ्यायची पायली कित्येकदा वेगळीच असे.

आत्याबाईंच्या सात किलोंचाही उलगडा बहुधा असाच होईल. त्यांच्या सासरची पायली मोठी असेल, किंवा त्या शिगेच्या मापाविषयी बोलत असतील. त्या कोणत्या धान्याविषयी आणि कोणत्या गावाविषयी बोलत आहेत, हे त्यांना अवश्य विचारावे.


प्रश्न : कापसाच्या बातम्यांत आजही ‘खंडीचा भाव’ येतो, मेंढपाळ ‘खंडीभर मेंढरं’ म्हणतात आणि दक्षिण कोकणात व गोव्यात खंडीबरोबर ‘कुडव’ हा शब्द ऐकू येतो. ही खंडी सगळीकडे एकच का?

उत्तर : एकच नाही. खंडी हा शब्द मापातही होता आणि वजनातही. मुंबईचा वजनी मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोचा होता आणि त्याच्या वीसपट असलेली खंडी ५६० पौंडांची होती. कापसाची खंडी मात्र ७८४ पौंडांची ठरली. सरकी काढलेल्या रुईचे भाव आजही ज्या खंडीवर सांगितले जातात, ती ३५६ किलोची खंडी म्हणजे हेच ७८४ पौंड. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत जुनी वजने व्यवहारातून बाद ठरली. तरी कापसाच्या व्यापाराने आपली खंडी किलोत बसवून घेऊन जपली. धान्याच्या मणाचे याहून सोपे झाले. बऱ्याच गावांत चाळीस शेरांच्या जागी चाळीस किलो आले आणि नाव तेच राहिले, त्यामुळे आजचा मण जुन्या पक्क्या मणापेक्षा पावणेतीन किलोंनी जड आहे.

मेंढरांच्या खंडीत वजनही नाही आणि मापही नाही. तेथे खंडी म्हणजे वीस. खंडीत वीस मण असतात, एवढाच धागा धरून तो शब्द मोजणीत शिरला असावा, असे मला वाटते. कुडवाची गोष्ट याच्याही पुढची आहे. गोव्याकडे वीस कुडवांची खंडी धरतात, म्हणजे तेथे कुडव हे बरेच मोठे माप आहे. संस्कृत ग्रंथांत मात्र चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण आणि सोळा द्रोणांची खारी असे कोष्टक येते; म्हणजे कुडव हा खारीचा १०२४ वा भाग, जेमतेम ओंजळीएवढा. नाव टिकले, पण भांडे वाढत गेले.


प्रश्न : ‘पायलीचे पन्नास’ आणि ‘पायलीची सामसूम, चिपट्याची धामधूम’ यांचा नेमका अर्थ काय? ‘शिगेला पोहोचणे’ हा वाक्प्रचारही मापावरूनच आला का?

उत्तर : पायलीचे पन्नास म्हणजे हवे तेवढे मिळणारे, म्हणून किंमत नसलेले. एका पायलीभर धान्याच्या मोबदल्यात पन्नास मिळतील इतके ते स्वस्त, असा भाव त्यात आहे. हल्ली काही जण ‘पैशाला पासरी’ आणि ‘पायलीचे पन्नास’ यांची सरमिसळ करतात. अर्थ जवळचा असला तरी पासरी हे पाच शेरांचे वजन आणि पायली हे माप, तेव्हा दोन्ही आपापल्या जागी ठेवलेले बरे.

दुसऱ्या म्हणीचा अर्थ कोष्टक माहीत असल्यावरच पुरता कळतो. चिपटे म्हणजे पाव शेर, आणि पायली चार शेरांची. म्हणजे पायलीत सोळा चिपटी. ज्याच्याकडे सोळापट आहे तो गप्प बसला आहे आणि ज्याच्याकडे एक चिपटे आहे त्याने गाव डोक्यावर घेतले आहे. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ या म्हणीशी हिची तुलना करतात, पण मला ही अधिक नेमकी वाटते, कारण तिच्यात फरक किती पटींचा, तेही सांगितलेले आहे.

शिगेला पोहोचणे हे उघडच मापावरून आले आहे. भांडे काठोकाठ भरले म्हणजे ते शिगेला पोहोचले असे होत नाही. काठाच्या वर ढीग चढत चढत त्याचे टोक आले आणि यापुढे टाकलेला दाणा घरंगळून खाली पडणार, ही शीग. म्हणून उत्सुकता, ताण किंवा संताप शिगेला पोहोचतो, तेव्हा पुढच्या क्षणी काहीतरी सांडणार हे गृहीत असते. नुसते ‘वाढले’ या अर्थी तो वापरणे म्हणजे सपाट मापाला शीग म्हणणे होय.


प्रश्न : खळ्यावर धान्याची मोठी रास पडली असताना प्रत्येक पायली न मापता ती किती आहे, हे सांगण्याची काही जुनी रीत होती का?

उत्तर : होती, आणि ती शास्त्रशुद्ध होती. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त राशिव्यवहार नावाचे स्वतंत्र प्रकरण त्यासाठीच दिले आहे. राशीचा तळाचा घेर दोरीने ‘हात’ या लांबीच्या मापात मोजायचा. तिची उंची मोजण्याची गरज नाही, कारण ती धान्याच्या जातीवरून ठरते : हरभऱ्यासारखे जाड धान्य असेल तर घेराचा दहावा भाग, मोहरीसारखे बारीक असेल तर अकरावा भाग, आणि कुसळे असलेले धान्य असेल तर नववा भाग. कुसळे एकमेकांत अडकून रास उंच उभी राहते आणि गुळगुळीत बारीक दाणे लवकर पसरतात, हे निरीक्षण त्या तीन अपूर्णांकांत आहे. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून त्याला उंचीने गुणले की घनहस्त मिळतात. आणि एक हात लांब, एक हात रुंद व एक हात खोल अशा जागेत मावणारे धान्य म्हणजे एक मागध खारी.

ग्रंथातील उदाहरण ६० हात घेराचे आहे. जाड धान्याची उंची सहा हात, घेराचा सहावा भाग दहा, त्याचा वर्ग शंभर, म्हणून रास ६०० खारींची. तेवढ्याच घेराचे बारीक धान्य सुमारे ५४५ खारी आणि कुसळाचे धान्य सुमारे ६६७ खारी भरते. या रीतीत परिघ व्यासाच्या तिप्पट धरलेला आहे. खरा परिघ त्याहून थोडा जास्त असल्याने उत्तर चारपाच टक्क्यांनी मोठे येते, पण खळ्यावरच्या अंदाजाला तेवढे चालून जाते.

अंदाज झाला तरी वाटणी मात्र मापूनच होई. मापारी पहिले माप टाकताना ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. त्यानंतर दोन, तीन असे पुढे मोजी. काही घरांत आजही सुगीला पहिले माप टाकताना हा शब्द उच्चारतात. बाजार समित्यांच्या आवारात आता सगळे धान्य काट्यावर जोखले जाते, पण जोखणाऱ्याला अजून मापाडीच म्हणतात.